आईचे सासरे

दुपारी तीनच्या सुमाराला सरांच्या पुढच्या खोलीत खिडकीतून उन्हाची एक तिरीप येते आणि तिच्यात खडूची धूळ संथपणे तरंगत राहते. बावीस मोठी माणसं त्या धुळीपलीकडच्या फळ्याकडे टक लावून बसलेली असतात. फळ्यावर प्रश्न असतो : फोटोतल्या मुलाकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, "हा माझ्या आईच्या एकुलत्या एका मुलीचा मुलगा." तर तो मुलगा तिचा कोण?

नोकरीची परीक्षा कुठलीही असू द्या, बुद्धिमत्ता चाचणीत असले चार-पाच प्रश्न हटकून असतात. भल्याभल्यांची तिथे भंबेरी उडते. मोठमोठी गणितं चुटकीसरशी सोडवणारी माणसं मेहुण्याच्या सासूच्या धाकट्या मुलीपाशी पोचली की पेन चावू लागतात. तुम्हीही कधी चावलं असेल, लाजू नका.

सर मात्र वीस सेकंदांत उत्तर काढत. पुरुषाला अधिक, बाईला उणे (यावर वर्गातल्या बायका दरवर्षी कुरकुरतात), नवरा-बायकोत दोन रेघा, भावंडांत एक, आणि पिढी बदलली की रेघ खाली उतरायची. शाळेतून निवृत्त झाल्यावरही त्यांनी घरीच हा वर्ग चालू ठेवला होता. "भावना दाराबाहेर ठेवा आणि पेन्सिल हातात घ्या," असं ते पहिल्याच दिवशी सांगत. पण स्वतः त्या फळ्यावरच्या माणसांत त्यांचा जीव गुंतलेला असे. वर्ग वहीत आकृती उतरवून घेई तेव्हा सर फळ्याकडे बघत बसत आणि हळूहळू त्या अक्षरांना चेहरे फुटत. 'क' जाडजूड, मिशीवाला. 'ख' त्याची शांत बायको. त्यांचं घर, घरासमोरचा ओटा, ओट्यावर बसलेली 'ग' नावाची मुलगी. पत्नी गेल्यापासून सरांना ही सोबत बरी वाटे. ती माणसं काही मागत नसत.

"तर बाईंच्या आईची एकुलती एक मुलगी म्हणजे बाई स्वतःच. म्हणून तो तिचा मुलगा. सुटला प्रश्न!" सर म्हणाले.

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तो कंडक्टरबाईंचा होता. अठरा वर्षं शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडून झाल्यावर त्यांनी तपासनिसाच्या परीक्षेचं मनावर घेतलं होतं. आवाज खणखणीत, आणि शंका विचारायला संकोच शून्य.

"सर, उत्तर कळलं. पण ही बाई सरळ 'हा माझा मुलगा' असं का म्हणत नाही? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. "ती सरळ बोलली तर आपला वर्ग बंद पडेल, बाई."

एवढ्यात दारातून एक आठ वर्षांची मुलगी आत आली. वर्गाला त्रास नको म्हणून तिनं बूट काढून हातात धरले होते. भिंतीला घासत, कुणाकडे न बघता ती आतल्या खोलीकडे निघाली. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण वळायचं झालं की ती टाचेवर गर्रकन फिरे. पण वर्ग चालू असताना ती फिरत नसे.

"गोड आहे हो! तुमची कोण, सर?" नव्यानंच आलेल्या एका मुलानं विचारलं.

"माझ्या सुनेची मुलगी," सर म्हणाले आणि फळा पुसायला वळले.

कंडक्टरबाईंनी मान वर करून एकदा सरांच्या पाठीकडे पाहिलं.

आता हे जरा उलगडून सांगायला हवं. सरांचा मुलगा दुसऱ्या शहरात कारखान्यात कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी येई. दोन वर्षांपूर्वी त्यानं लग्न केलं. सूनबाईंचा पहिला नवरा वारला होता आणि पदरात सहा वर्षांची मुलगी होती. सरांनी या लग्नाला हूं की चूं केलं नाही. उलट चार ठिकाणी अभिमानानं सांगितलं. मुलीला वह्या आणल्या, अभ्यासाला टेबल करून दिलं, कधी आवाज चढवून बोलले नाहीत. फक्त 'नात' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. शेजारी विचारत, दुकानदार विचारे, आणि सर शांतपणे म्हणत, "सुनेची मुलगी." त्यात त्यांना खोटं काही वाटत नसे. अचूक उत्तर देण्याची त्यांना सवयच होती ना!

भिंगरीला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण मुलं हवेतून शिकतात. ती सरांना 'सर' म्हणे.

पुढच्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, सूनबाई डबा भरता भरता म्हणाल्या, "बाबा, एक सांगायचं होतं. पुढच्या सत्रापासून भिंगरीला माझ्या आईकडे ठेवावं म्हणतेय. शुक्रवारी शाळेतून दाखला काढणार आहे."

सरांच्या हातातला कप मध्येच थांबला. "का? इथे काही कमी पडतं का तिला?"

"काही नाही. सगळं मिळतं." सूनबाईंनी डब्याचं झाकण दाबलं. त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करत. दिवसभर काचेच्या नळ्या हाताळून त्यांचे हातही तसेच जपून चालत. "पण आईकडे तिला ती कोण आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे ती बूट घालून घरात पळते."

सरांना यावर बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं, पण ते एवढंच म्हणाले, "तुझी मुलगी. तू ठरवशील ते."

सूनबाईंनी मान हलवली. "हो. माझी मुलगी," त्या म्हणाल्या आणि कामावर गेल्या.

त्या दुपारी तीस वर्षांत पहिल्यांदा सरांची आकृती चुकली. त्यांनी आजोबांना नातवाच्या खाली काढलं. वर्गानं लक्षात आणून दिल्यावर ते ओशाळून पुसू लागले. वर्ग सुटला, माणसं पांगली, पण कंडक्टरबाई मागे रेंगाळल्या.

"सर, एक शंका राहिली. सुनेची मुलगी म्हणजे कोण?"

"नात," सर म्हणाले. अर्धा सेकंदही लागला नाही.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

खोलीत धूळ तरंगत होती. सरांना बाईंचा डाव कळला आणि त्यांचा पारा चढला. "हे पाहा बाई, चाचणीतलं गणित वेगळं, घर वेगळं. घरात तपशील असतात. ती माझ्या मुलाची मुलगी नाही. रक्ताची नाही. मग काय खोटं बोलू?"

"सूनबाई आहेत का रक्ताच्या?"

सरांनी हातातलं डस्टर खाली ठेवलं.

"तुमच्या पत्नी होत्या? नव्हत्या ना? त्यांना बायको म्हणताना जीभ अडखळली नाही. सुनेला पहिल्या दिवसापासून सून म्हणता. सगळी मोठी माणसं सहीशिक्क्यानं घरची झाली, आणि आठ वर्षांच्या पोरीपाशी येऊन तुम्हाला रक्त आठवलं?"

"मी तिला कधी वाईट वागवलं नाही!"

"नसेलच. वाईट वागवलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं." बाई बाकावर टेकल्या. त्यांचा आवाज खाली आला. "एक गोष्ट सांगते, सर. परवा बसमध्ये एक गृहस्थ चढले, सोबत म्हातारी. मला म्हणाले, 'दोन द्या. ही माझ्या भावाची आई, त्याच्याकडे सोडायला चाललोय.' मी तिकिटं दिली, पुढे गेले. दोन थांबे गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, भावाची आई म्हणजे त्याचीच आई की! मागे वळून बघितलं, तर म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. तिला ते गणित माझ्याआधी सुटलेलं होतं."

सर बोटांवरचा खडू झटकू लागले.

"त्या दिवसापासून मला तुमचे प्रश्न सोडवताना धास्ती वाटते. जो माणूस जवळचं नातं लांबून सांगतो, त्याला ते नातं नकोसं झालेलं असतं. खोटं कुठेच नसतं त्यात. सगळं अगदी अचूक असतं." बाईंनी पिशवी उचलली. "लहान तोंडी मोठा घास घेतला. उद्या येते."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण सरांना हसू नका. आपल्या घरातल्या दिव्याखालीही एकदा वाकून बघायला हरकत नाही.

बुधवारी वर्गाला सुट्टी असे. जेवण झाल्यावर सर फळ्यासमोरच्या खुर्चीत कलंडले. बाहेर रस्ता निपचित पडला होता, पडदा हलत होता, नव्हता. डोळा लागता लागता फळ्यावरची माणसं आपापल्या रेघांवरून खाली उतरली. ती मिशीवाल्या 'क'च्या मागे रांग लावून बाकांवर येऊन बसली. एवढ्या वर्षांत सरांनी जोडलेली सगळी माणसं : आत्या, मावश्या, चुलत सासरे, जुळे भाऊ. खोली भरली तरी ती येतच राहिली, आणि खोली त्यांच्यासाठी हळूच मोठी होत गेली. सर सगळ्यांना ओळखत होते. ते हसून पुढे झाले, तर 'क'नं वहीतून मान वर केली.

"तुम्ही कुणाचे कोण?" त्यानं आदबीनं विचारलं.

सरांनी खाली पाहिलं. त्यांच्या पायाशी एकही धड रेघ नव्हती. पत्नीकडे जाणाऱ्या दोन रेघा पुसट झाल्या होत्या, मुलाकडची रेघ लांब पडली होती. ते पांढऱ्या धुळीत एकटेच उभे होते, आणि खोलीतली सगळी माणसं उत्तराची वाट बघत होती. कुणीच रागावलेलं नव्हतं. त्याचीच सरांना जास्त भीती वाटली.

फोन वाजला आणि ते दचकून जागे झाले.

"बाबा, मी अडकलेय," सूनबाई घाईघाईनं म्हणाल्या. "शाळेची गाडी बंद पडलीय. दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हाला त्रास देतेय. भिंगरीला आणाल का?"

सर पाणी तोंडावर मारून निघाले. झोप पुरती उतरली नव्हती. दुपारचे रस्ते त्यांना फळ्यावरच्या रेघांसारखे वाटत होते, सरळ जाणारे, फाटे फुटणारे. दोन वर्षांत या वाटेनं ते शाळेपर्यंत एकदाही गेले नव्हते. एका वळणावर चुकले, परत फिरले. पोचेपर्यंत शाळा रिकामी झाली होती आणि कार्यालयाच्या बाकावर भिंगरी एकटीच दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना पाहून ती उठली, पण धावली नाही.

खिडकीमागच्या चष्मेवाल्या बाईंनी नोंदवही उघडली. "कुणाला न्यायला आलात?"

सरांनी बोट दाखवलं.

"तुम्ही तिचे कोण?"

"ती माझ्या सुनेची मुलगी," सर म्हणाले. शब्द सवयीनं बाहेर पडले.

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "तिला नेऊ शकतील अशा माणसांत आई आहे, वडील आहेत, आईची आई आहे. तुमचं नाव कुठेच नाही. वर्षाच्या सुरुवातीला अर्ज दिला होता ना घरी?"

दिला होता. सूनबाईंनी तो त्यांच्यापुढे ठेवलाही होता. 'नातं' या रकान्याशी सरांचं पेन क्षणभर थांबलं होतं आणि मग "मला कुठे वेळ असतो आणायला" म्हणून त्यांनी तो कागद परत सरकवला होता. 

"अनोळखी माणसाच्या हाती मूल देता येत नाही, साहेब. नियम आहे." बाई खिडकीतून वाकल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "बाळा, तू ओळखतेस यांना? कोण हे तुझे?"

भिंगरीनं सरांकडे पाहिलं. चुकीचं उत्तर जाऊ नये म्हणून ती नीट विचार करत होती. मग ती स्पष्ट म्हणाली, "हे माझ्या आईचे सासरे."

आईचे सासरे!

सरांच्या कानात तो शब्दांचा वळसा घुमत राहिला. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! आईचे सासरे म्हणजे आजोबा. पहिल्या आठवड्यात शिकवायचं, सगळ्यात सोपं गणित. आणि आठ वर्षांची पोर ते उत्तराशिवाय घेऊन उभी होती, कारण उत्तर म्हणायची परवानगी तिला कुणी दिली नव्हती. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ते सगळं अगदी अचूक होतं! अरे, हिला ही भाषा शिकवली कुणी? कुठल्या वर्गात? कुठल्या सरांनी?

ते खिडकीशी वाकले.

"बाई," ते म्हणाले. आवाज ओला झाला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "मी चुकीचं सांगितलं. मी तिचा आजोबा आहे. ती माझी नात आहे!"

"मग मघाशीच तसं सांगायचं नाही का," बाई म्हणाल्या, पण नोंदवही काही त्यांनी पुढे केली नाही. नियमाप्रमाणे त्यांनी सूनबाईंना फोन लावला, परवानगी घेतली आणि विचारलं, "नोंद करतेय. नातं काय लिहू?"

बाईंनी फोन सरांनाही ऐकू येईल असा धरला. मग सूनबाईंचा आवाज आला, "ते त्यांनाच विचारा."

बाईंनी नोंदवही आणि पेन खिडकीतून बाहेर सरकवलं. सरांनी नाव लिहिलं. शेजारच्या रकान्यात 'आजोबा' लिहिलं. फळ्यावर झरझर चालणाऱ्या हातानं ती तीन अक्षरं सावकाश काढली. भिंगरी टाचा उंचावून वाचत होती.

"हे खोडता येतं का?" तिनं बाईंना विचारलं.

"नाही. शाईनं लिहिलंय."

भिंगरीनं पुन्हा एकदा वाचलं. मग दप्तर पाठीवर घेतलं.

दोघं परतीच्या वाटेला लागली. ऊन कलंडलं होतं, सावल्या लांब झाल्या होत्या, आणि सरांना आपण अजून त्या खुर्चीतच आहोत की काय असं वाटत होतं. भिंगरीचं बोट धरावं असं त्यांच्या फार मनात आलं, पण हक्क सांगायची घाई करू नये एवढं त्यांना त्या दुपारनं शिकवलं होतं. ते तिच्या चालीनं चालत राहिले.

संध्याकाळी सूनबाई आल्या तेव्हा सर त्यांचीच वाट बघत बसले होते. भिंगरी शेजारी चित्र रंगवत होती.

"सूनबाई, मला हिची माफी मागायची आहे. तुझ्यासमोर."

"बाबा, एका रकान्यानं दोन वर्षं भरून निघत नाहीत." सूनबाईंच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"ठाऊक आहे. शुक्रवारी दाखला काढायचा तर काढ. मी अडवणार नाही. पण ती माझं चुकलं म्हणून जात होती, तिचं काही कमी आहे म्हणून नाही, हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं." सर भिंगरीकडे वळले. "बाळा, लोकांनी विचारलं की मी तुला लांबचं करून सांगायचो. ते माझं चुकलं. मी भित्रेपणा केला. नात म्हणायला लागलो तर आपलंसं करावं लागेल, याला भ्यालो."

भिंगरीनं रंगाची कांडी खाली ठेवली. "मी गेले तर तुम्हाला रडू येईल?"

सूनबाई दचकल्या. सरांना खोटं बोलणं सोपं होतं. पण ते म्हणाले, "परवा विचारलं असतंस तर नसतं आलं. आता येईल."

मुलांना खरं उत्तर लगेच ओळखू येतं. तिनं थोडा वेळ विचार केला आणि आईकडे बघितलं. "आई, मी वार्षिक परीक्षेपर्यंत थांबून बघू का?"

सूनबाई तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. भांडं उगाचच विसळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. शुक्रवारी शाळेत दाखला मागायला कुणी गेलं नाही.

तेव्हापासून शाळेची गाडी दुरुस्त झाली तरी सर रोज आणायला जाऊ लागले. वर्गाची वेळ त्यांनी पुढे ढकलली. भिंगरी त्यांना 'सर'ही म्हणेना आणि दुसरं काही म्हणेना. नुसतं "अहो" म्हणे. सरांनी तगादा लावला नाही. ते शब्दाची वाट बघत राहिले. ज्या शब्दासाठी आपण तिला दोन वर्षं थांबवलं, त्यासाठी आपणही थांबलं पाहिजे, एवढी त्यांची समज आता झाली होती.

मध्यंतरी वर्गात एक गंमत झाली. उत्तर निघालं की सर एक नवाच प्रश्न विचारू लागले होते, "आता सांगा, हा माणूस सरळ का बोलला नाही?" बावीस जण हसत. एके दिवशी मात्र त्या नव्या मुलानं हसता हसता मान खाली घातली. "सर, माझ्या घरी माझ्या वडिलांची दुसरी बायको आहे," तो म्हणाला, थांबला, आणि मग हळूच म्हणाला, "म्हणजे आई." कुणीच हसलं नाही. कंडक्टरबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अकराव्या दिवशी शाळेतून येताना आभाळ भरून आलं. भिंगरीला घर गाठायची घाई होती आणि सर चपलेतला खडा काढायला थांबले होते. ती पुढे गेली, गर्रकन टाचेवर फिरली आणि भर रस्त्यात वैतागून ओरडली, "आजोबा, किती हो हळू चालता तुम्ही!"

रस्त्यावरच्या चार माणसांनी वळून बघितलं. सर खडा विसरले आणि तसेच लंगडत धावले.

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादं माणूस असं असतं, ज्याची ओळख आपण वळसा घालून करून देतो. 'बायकोची आई', 'वडिलांची दुसरी बायको', 'भावानं आणलेला मुलगा'. यातला एकही शब्द खोटा नसतो, आणि ते माणूस मात्र आपल्याच घरात पाहुणं होऊन बसतं. परीक्षेत वळशाचं नातं सरळ करून सांगितलं तर एक गुण मिळतो. घरात सांगितलं तर कुणाला तरी घर मिळतं. म्हणून उद्या कुणी विचारलं, "हे तुमचे कोण?", तर वीस सेकंद घेऊ नका.